लसीकरण : लोकांच्या शंका आणि गावाची जबाबदारी

चेहऱ्यावर देवीचे व्रण असलेली वयोवृद्ध माणसे आपल्या खेड्यापाड्यांतून अद्यापही क्वचित दृष्टीस पडतात. १९७५ नंतर येथे जन्मलेल्या कोणाच्याही चेहऱ्यावर मात्र तसा व्रण दिसणार नाही. भारतात देवीचा अखेरचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. हजारो वर्षे माणसाला छळणारा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला, तो लसीमुळे आणि ती लस घरोघर पोचविणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या चिकाटीमुळे.

या यशाबरोबर एक अडचणही आली. रोग दिसेनासा झाला की त्याचे भय जाते, आणि भय गेले की लसीविषयीच्या शंका डोके वर काढतात. आजच्या तरुण मातेने घटसर्पाने गुदमरलेले किंवा धनुर्वाताने ताठरलेले मूल पाहिलेले नसते. तिने पाहिलेला असतो तो टोचल्यानंतर रात्रभर आलेला ताप. तेव्हा तिच्या मनात शंका आली तर ती अज्ञान म्हणून झटकून टाकणे योग्य नव्हे. शंकेला उत्तर मिळाले पाहिजे, आणि गावात ते उत्तर बहुधा शिक्षक, सरपंच, ग्रामपंचायत सदस्य किंवा ग्रामसेवक यांनाच विचारले जाते. त्यांच्या उपयोगासाठी नेहमी विचारल्या जाणाऱ्या काही प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

लस शरीरात काय करते?

‘लस’ या शब्दातच तिचा इतिहास दडलेला आहे. मराठीत लस म्हणजे फोडातून येणारा पातळ स्राव. इंग्लंडमधील डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांनी १४ मे १७९६ रोजी गोस्तन देवीच्या फोडातील असाच स्राव आठ वर्षांच्या एका मुलाच्या दंडावर टोचला आणि त्या मुलाला पुढे देवीचा संसर्ग होत नाही हे दाखवून दिले. अवघ्या सहा वर्षांत ही पद्धती आपल्याकडे आली. बगदाद व बसरामार्गे, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी टोचत आणलेली ही लस मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देण्यात आली. भारतातील ही पहिली लसटोचणी होय. ‘देवी काढणे’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत रुळला तो या पद्धतीमुळेच.

जेन्नर यांना जे अनुभवाने उमगले त्याचे कारण विज्ञानाने पुढे स्पष्ट केले. शरीरात एखादा जंतू प्रथमच शिरतो तेव्हा त्याला ओळखून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करण्यास रक्तातील पांढऱ्या पेशींना एक-दोन आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत रोग बळावतो आणि कधी कधी रोगीच हरतो. परंतु जो बचावतो त्याच्या शरीरात त्या जंतूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर त्या तत्काळ जाग्या होतात आणि रोगाला वाढू देत नाहीत. लस नेमकी हीच ओळख रोग न होऊ देता करून देते. चोर गावात शिरण्यापूर्वीच त्याचे छायाचित्र पोलीस पाटलाच्या हाती पडावे तसा हा प्रकार आहे.

ही ओळख निरनिराळ्या रीतींनी करून देता येते. क्षयाची बीसीजी, गोवर-रुबेला, रोटाव्हायरस आणि तोंडाने द्यावयाची पोलिओची लस यांत जिवंत पण निर्बल केलेले जंतू असतात. टोचावयाच्या पोलिओ लसीतील विषाणू मृत असतात. घटसर्प व धनुर्वात यांच्या लसींत जंतू नसतातच. जंतूंनी निर्माण केलेले विष निर्विष करून दिलेले असते. कावीळ ब च्या लसीत विषाणूच्या बाह्य आवरणातील एक अंशच असतो. यास्तव ‘लस म्हणजे रोगच टोचणे’ हा समज चुकीचा ठरतो.

टोचल्यावर ताप का येतो?

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या बालकाला जी पंचगुणी म्हणजे पेंटाव्हॅलेंट लस दिली जाते, तिच्यानंतर एक-दोन दिवस ताप येणे, टोचल्या जागी दुखणे वा सूज येणे हे नेहमीचे आहे. शरीराने नव्या पाहुण्याची दखल घेतल्याची ती खूण असते. गोवर-रुबेलाच्या लसीनंतर सुमारे एक आठवड्याने किंचित ताप आणि पुरळ येऊ शकतो. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी लहान फोड येऊन तो आपोआप बरा होतो व वण राहतो. त्यावर मलम, हळद किंवा अन्य काही लावू नये. ताप आल्यास आरोग्यसेविकेने सांगितलेल्या मात्रेत औषध द्यावे व अंगावरचे दूध चालू ठेवावे. तीव्र ॲलर्जीसारखी गंभीर प्रतिक्रिया अत्यंत विरळा असते. परंतु ती आल्यास त्वरित उपचार करता यावेत म्हणूनच लस दिल्यानंतर अर्धा तास केंद्रावर थांबण्यास सांगितले जाते. ताप फार वाढला, झटका आला किंवा मूल निपचित पडले तर वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

मुलाला साधी सर्दी, किरकोळ ताप किंवा थोडे जुलाब असले म्हणजे लस पुढे ढकलण्याची प्रथा अनेक घरांत आहे. तिला आधार नाही. मूल गंभीर आजारी असल्यास किंवा पूर्वीच्या डोसानंतर तीव्र प्रतिक्रिया आली असल्यास मात्र वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घेतलाच पाहिजे. एखादा डोस चुकला तरी पूर्वीचे डोस फुकट जात नाहीत. जेथे थांबले तेथून पुढे चालू करावयाचे असते.

पोलिओच्या थेंबांनी वंध्यत्व येते, अशी अफवा काही भागांत पसरली होती. तिला काळानेच उत्तर दिले आहे. डिसेंबर १९९५ मध्ये पल्स पोलिओ मोहिमेत ज्या बालकांनी थेंब घेतले, त्यांच्यापैकी असंख्य जण आज स्वतः आई-बाप झालेले आहेत. आणि देशातील पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. त्यानंतर मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

गोवराची लस नवव्या महिन्यातच का?

आईच्या रक्तातील प्रतिपिंडे गर्भावस्थेत बालकाला मिळतात व जन्मानंतर काही महिने त्याचे रक्षण करतात. ही शिदोरी पुरी सरण्याआधी गोवराची लस दिली तर आईची प्रतिपिंडे लसीतील विषाणूलाच निष्प्रभ करतात, आणि फार उशिरा दिली तर मधल्या काळात बालक उघडे पडते. या दोहोंचा मेळ घालून नऊ महिने पूर्ण होताच पहिला आणि १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस ठरविण्यात आला आहे. वेळापत्रक कार्यालयाच्या सोयीसाठी आखलेले नसून बालकाच्या शरीराच्या घडणीवरून आखलेले आहे, हे पालकांना समजावून सांगितले पाहिजे.

‘लस घेतलेल्या मुलांनाही गोवर झाला, मग लसीचा उपयोग काय?’

हा प्रश्न सर्वांत अवघड वाटतो आणि उत्तर न मिळाल्यास सर्वाधिक नुकसान करतो. त्याचे उत्तर प्राथमिक शाळेच्या अंकगणितात आहे. समजा, एका मोठ्या गावात १,००० बालके आहेत. त्यांपैकी ९०० जणांनी गोवराचा एक डोस घेतला व १०० जणांनी घेतला नाही. नऊ महिन्यांच्या वयात दिलेल्या एका डोसाने शंभरातील सुमारे ८५ बालकांना संरक्षण मिळते. म्हणजे ९०० पैकी ७६५ सुरक्षित झाली, १३५ झाली नाहीत. आता गोवराची साथ येऊन तिने सर्व असुरक्षित बालकांना गाठले, तर २३५ मुले आजारी पडतील व त्यांत लस घेतलेली १३५ असतील. चावडीवर बोलणे होईल की, ‘निम्म्याहून अधिक रोगी लस घेतलेलेच निघाले!’

ही गणना खोटी नाही, पण अपुरी आहे. लस घेतलेल्या ९०० पैकी १३५, म्हणजे शेकडा १५ आजारी पडले. लस न घेतलेल्या १०० पैकी १०० आजारी पडले. आणि कोणीच लस घेतली नसती तर आजाऱ्यांची संख्या २३५ नव्हे, १,००० झाली असती. शिक्षकांनी हे उदाहरण पालकसभेत फळ्यावर सोडवून दाखवावे. लांबलचक भाषणापेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल.

गावाचे कुंपण

हेच गणित आणखी एक पाऊल पुढे नेले म्हणजे दुसऱ्या डोसाचे महत्त्व ध्यानात येते. गोवर हा अतिशय वेगाने पसरणारा रोग आहे. कोणालाही संरक्षण नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रोगी सरासरी १२ ते १८ जणांना रोग देतो. हा आकडा १५ धरला, तर साथ थांबण्यासाठी या १५ पैकी किमान १४ जण सुरक्षित असले पाहिजेत. तरच एका रोग्यामागे एकाहून अधिक नवा रोगी निर्माण होणार नाही. पंधरात चौदा म्हणजे शेकडा सुमारे ९३. गावातील एवढी माणसे सुरक्षित असतील तर रोगाला पुढे जाण्यास वाट सापडत नाही. लस घेण्याचे वय न झालेले तान्हे मूल आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेला रुग्ण हे दोघेही मग इतरांच्या आडोशाने वाचतात. शेताच्या कुंपणासारखेच हे आहे. पीक आतले वाचते, पण कुंपण सर्वांनी मिळून राखावे लागते.

आता वरील गावाकडे पुन्हा पाहू. हजारच्या हजार बालकांनी एकच डोस घेतला तरी ८५० सुरक्षित होतात. ९३० चे कुंपण उभे राहत नाही. दुसरा डोस दिल्यावर उरलेल्या १५० पैकी पुन्हा शेकडा ८५ सुरक्षित झाली असे किमान धरले, तर एकूण संख्या ९७७ च्या घरात जाते. दुसरा डोस पहिल्याची केवळ उजळणी नव्हे. पहिल्याने ज्यांना संरक्षण मिळाले नाही त्यांना ते देण्याची ती संधी आहे. मात्र दोन्ही डोस ९०० बालकांपर्यंतच पोचले तर सुमारे ८८० सुरक्षित होतात आणि कुंपणाला खिंडार राहते. दोन्ही डोस ९५० बालकांना मिळाले म्हणजे ही संख्या ९३० जवळ पोचते. शेकडा ९५ बालकांचे जे लक्ष्य शासकीय परिपत्रकांतून वारंवार वाचावयास मिळते, त्याच्यामागे हे साधे गणित आहे.

येथे एक अपवाद सांगितला पाहिजे. धनुर्वात एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. त्याचे बीज मातीत असते. सारा गाव सुरक्षित असला तरी लस न घेतलेल्याला धनुर्वातापासून आडोसा मिळत नाही. तेथे ज्याने त्याने लस घेतलीच पाहिजे, आणि गरोदर मातेने घेतलेली लस तिच्याबरोबर नवजात बालकाचेही रक्षण करते.

सरासरीने होणारी फसगत

तालुक्याचे लसीकरण शेकडा ९५ झाले, असा अहवाल आला म्हणजे आपण निर्धास्त होतो. परंतु चुकलेली पाच टक्के बालके तालुकाभर विखुरलेली नसून एकाच तांड्यावर, एकाच पाड्यावर किंवा वीटभट्टीच्या एकाच वस्तीत असतील, तर त्या वस्तीला कुंपणच नसते. रोग सरासरी पाहत नाही; तो अशी उघडी जागा शोधतो. २०२० व २०२१ मध्ये कोविडच्या काळात नियमित लसीकरण विस्कळीत झाले आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरातील दाट वस्त्यांत, तसेच भिवंडी व मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला. बालके दगावली. गोवराने न्यूमोनिया, जुलाब, क्वचित मेंदूचा दाह होतो. इतकेच नव्हे, तर शरीराने पूर्वी मिळविलेली इतर रोगांची स्मृतीही तो पुसून टाकतो व बरे झालेले मूलही पुढे कित्येक महिने अन्य आजारांना सहज बळी पडते. ‘गोवर काय, निघतोच सर्वांना’ असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

बीड, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी निघणारी कुटुंबे पाच-सहा महिने गावाबाहेर असतात. निघण्यापूर्वी जन्मलेल्या बालकाचे दीड, अडीच व साडेतीन महिन्यांचे तिन्ही डोस याच अवधीत येतात. मूळ गावाच्या यादीत ते ‘स्थलांतरित’ म्हणून गळते आणि कारखान्याच्या परिसरातील यादीत त्याचे नावच नसते. वस्तुतः शासकीय केंद्रावरील लस कोणत्याही गावच्या बालकाला विनामूल्य मिळते व माता-बाल संरक्षण कार्ड सर्वत्र चालते. ही एवढी माहिती निघण्याच्या दिवशी आईला मिळाली आणि कार्ड तिच्या गाठोड्यात गेले, तर ते मूल चुकणार नाही.

लसीने कधी अपघात झालाच नाही काय?

झाला आहे, आणि तो लपवून विश्वास वाढत नाही. मुंबईत प्लेगने थैमान घातले असता डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. १९२५ पासून तीच हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. ही लस देत असताना १९०२ मध्ये पंजाबमधील मुलकोवाल या गावी एकाच दिवशी १०७ जणांना ती टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला व त्यांना पद सोडावे लागले. अखेर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. लस सदोष नव्हती; गावात बाटली उघडताना स्वच्छता न पाळली गेल्याने ती दूषित झाली होती, असे मानले गेले.

लस चांगली असणे पुरेसे नाही, ती देण्याची रीतही निर्दोष हवी, हा मुलकोवालचा धडा आहे. आज एकदा वापरताच निकामी होणारी सिरिंज वापरली जाते व सुई जागीच कापली जाते. लस कारखान्यापासून गावापर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात आणली जाते. यालाच शीतसाखळी म्हणतात. कुपीवर एक वर्तुळ व त्यात एक चौकोन असतो. उष्णता लागेल तसा चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळापेक्षा फिका असेल तरच लस वापरण्यायोग्य असते. त्याचा रंग वर्तुळाइतका झाला की कुपी टाकून द्यावी लागते. पंचगुणी लस गोठली तरी वाया जाते. गोवर-रुबेलाची लस द्रावणात मिसळल्यावर चार तासांच्या आत संपवावी लागते, उरलेली दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाही. या गोष्टी विचारण्याचा हक्क प्रत्येक पालकाला आहे, आणि विचारल्यास आरोग्यसेविकेने कुपी दाखवावी. त्यात तिचा अवमान नाही.

पंचायत आणि शाळा यांनी काय करावे?

लस देणे हे आरोग्य खात्याचे काम आहे. परंतु चुकलेले मूल शोधणे हे गावाचे काम आहे. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीची वही, अंगणवाडीचे हजेरीपत्रक आणि आशा कार्यकर्तीची लसीकरणाची यादी या तिन्ही दर महिन्याला एकत्र बसून ताडून पाहिल्या, तर एकातून निसटलेले नाव दुसरीत सापडते. लसीकरणाचा दिवस दवंडीने, शाळेच्या फलकावर व मंदिर-मशिदीतून आधी जाहीर करावा. त्या दिवशी सत्राच्या जागी सावली, पिण्याचे पाणी व बसण्याची सोय पंचायतीने करावी. अहवाल गावाचा एकत्रित न मागता वाडी-वस्तीवार मागावा. पहिलीत प्रवेश घेताना शिक्षकांनी कार्ड पाहावे. पाच ते सहा वर्षांच्या वयातील त्रिगुणी लसीचा डोस आणि पुढे १० व १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाचा डोस राहून जाणे हे शाळेच्या सहजच लक्षात येऊ शकते. मात्र कार्ड नाही म्हणून प्रवेश अडवू नये. लस देवविणे हा हेतू आहे, मूल परत पाठविणे हा नव्हे.

ज्या घरातून नकार आला तेथे दटावणीने काम होत नाही. नकारामागे बहुधा शेजारच्या मुलाला आलेला ताप असतो, बुडणारा दिवसाचा रोजगार असतो किंवा पूर्वी कोणी तरी उर्मटपणे बोललेला शब्द असतो. कारण ऐकून घेतले तर निम्मी अडचण तेथेच सुटते. देवीचे निर्मूलन झाले ते केवळ लसीच्या बळावर नव्हे, तर अखेरच्या रुग्णापर्यंत, अखेरच्या झोपडीपर्यंत जाणाऱ्या माणसांच्या बळावर. गोवराच्या बाबतीतही गावातील नऊशे पन्नासावे मूल शोधण्यास पहिल्या नऊशेंपेक्षा अधिक श्रम पडतील. ते मूल कोणत्या वाडीवर आहे, हे जिल्ह्याच्या कार्यालयाला माहीत नसते. गावाला माहीत असते.